शेततळ्यातलं मासळीचं बीज पाणकावळ्यांपासून कसं वाचवायचं, आणि वनखात्याच्या परवानगीचं नेमकं काय

बीज सोडून आठ-दहा दिवस झाले की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन ठरलेलाच. तळ्यावर काळे पक्षी उतरलेत, वीस-पंचवीस आहेत, छर्‍याची बंदूक आणू का? मी दर वेळी तेच सांगतो, बंदूक अजिबात आणू नका, आधी सकाळी सहा वाजता तळ्यावर जाऊन तासभर नुसतं बसा आणि बघा. कोणता पक्षी आहे, किती आहेत, कुठं बसतोय, मासा पकडतोय का बेडूक, हे वहीत लिहा. ही वही पुढं फार कामाला येते, ते सांगतोच.

कारण प्रत्येक पक्ष्याचा धंदा वेगळा आहे. आपल्याकडं ज्याला करढोक म्हणतात तो छोटा पाणकावळा, थव्यानं येतो, पाण्याखाली बुडी मारून मासा धरतो आणि मग काठावर पंख पसरून वाळवत बसतो, कारण त्याची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत, भिजतात. खरं नुकसान यांचंच. मोठा पाणकावळा जास्त करून धरणाच्या पाण्यावर दिसतो, तो दिवसाला साधारण अर्धा किलो मासे खातो. ढोकरी आणि बगळे उथळ पाण्यात उभं राहून शिकार करतात, त्यामुळं प्लास्टिक पन्नीच्या उभ्या उताराच्या तळ्यात त्यांना पायच रोवता येत नाही, ते शिडीपाशी नाहीतर गाळ साचलेल्या कोपर्‍यात उभे असतात, तेवढी जागा बंद केली की झालं. खंड्या एकटा-दुकटा असतो, त्याच्या मागं लागूच नका, तो किडे, बेडूक, खेकडे असलंही बरंच खातो.

आता हिशोब बघा. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यात समजा दोन हजार नग सोडले आणि ते दोन-अडीच ग्रॅमचे आहेत. एका करढोकाला मी दिवसाला शंभर ग्रॅम धरतो, म्हणजे चाळीस नग. वीस पक्षी आले तर आठशे. अडीच दिवसात तळं रिकामं! हा कागदावरचा हिशोब आहे, रोज सगळेच पोट भरून उठत नाहीत, पण माझ्या पहिल्या वर्षी जवळपास असंच झालं. मला बोटुकली (बोटाएवढं वाढलेलं बीज) म्हणून जे विकलं ते प्रत्यक्षात अर्धबोटुकलीपेक्षाही बारीक होतं, मी मोजून घेतलं नाही, ऑगस्टमध्ये सोडलं आणि दिवाळीनंतर जाळं मारलं तर दोनशे पण निघाले नाहीत. तेच बीज शंभर-दीडशे ग्रॅमचं झालं असतं तर कटल्यासारखा रुंद मासा करढोकाच्या गळ्यातून सहसा उतरलाच नसता. म्हणजे आपल्याला बारा महिने पक्ष्यांशी भांडायचं नाहीये, पहिले दोन-तीन महिने बीज सांभाळायचंय.

म्हणून पहिलं काम, बीज मोठं घ्या. ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली, पट्टी लावून मोजून, पिशवीतले दहा-वीस नग बाहेर काढून. महाग पडते, पण स्वस्त बीज पक्ष्यांच्याच पोटात जातं. बारीकच मिळालं तर सरळ तळ्यात सोडू नका, तळ्यातच हापा लावा, म्हणजे बारीक जाळीचा चौकोनी पिंजरा, वरून झाकण शिवलेला, आणि त्यात महिना-दीड महिना वाढवून मग सोडा. सोडायचं ते संध्याकाळी, पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून, मग थोडं थोडं तळ्यातलं पाणी आत घेऊन. सकाळी दहा वाजता घाईघाईनं ओतलेलं बीज भेदरून वरच्यावर तरंगतं आणि वरती घिरट्या सुरू असतात, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

दुसरं, जाळी. द्राक्षावर डाळिंबावर टाकतात तसली बर्ड नेट चालते पण दोरा जाड आणि रंग काळा किंवा हिरवा, पक्ष्याला लांबून दिसला पाहिजे. दोन्ही काठांना पाइप नाहीतर बांबू गाडा, आडव्या तारा ओढा, त्यावर जाळी ताणा. ताणा म्हणजे खरंच ताणा, हात मारला तर ढोलकीसारखी उडाली पाहिजे. पाण्यापासून किमान दोन-तीन फूट वर, नाहीतर मध्ये झोळ पडतो, पक्षी त्या झोळावर बसतो आणि चोच खाली घालतो. बाजूच्या कडा जमिनीपर्यंत आणून दाबून टाका, कारण ढोकरी चालत चालत आत जाते. चार्‍यासाठी एक कोपरा उघडता येईल असा ठेवा.

आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, वापरू नका. हे कळकळीनं सांगतोय. मी एका वर्षी पैसे वाचवायला तळ्यावर तंगूसचे दोरे आडवे-उभे ओढले होते. पक्ष्यांना तो दिसतच नाही. तिसर्‍या दिवशी सकाळी गेलो तर एक ढोकरी पंखाला पीळ पडून लटकलेली, दोरा कातडीत रुतलेला, चोच उघडी, आणि माझ्याकडं बघत होती. टॉवेल डोक्यावर टाकून (चोच डोळ्यावर येते, तोंड लांब ठेवा) कात्रीनं एकेक दोरा कापला, तिला खोक्यात ठेवलं, पण दुपारपर्यंत मेली. त्याच संध्याकाळी सगळा तंगूस गोळा करून आणला. तुमच्याकडं असं कुणी अडकलं तर महाराष्ट्र वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ आहे, लगेच लावा.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पक्षी पहाटेच का तुटून पडतात? त्यांना भूक लागलेली असते हे एक झालंच, पण रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही ऑक्सिजन ओढतात, सूर्य उगवायच्या सुमाराला पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, मग मासे वर येऊन तोंड मारायला लागतात आणि वरच्या वर आलेला सुस्त मासा पक्ष्याला आयता मिळतो. म्हणजे एरवी न येणारा थवा अचानक रोज येतोय तर आधी पाणी तपासा. पहाटे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नाहीतर मोटर लावून पाणी उंचावरून पाडा. अंगावर उवा झालेला मासा पण असाच कडेला अंग घासत फिरतो आणि आधी तोच जातो, तर जाळं मारून दोन-चार मासे हातात घेऊन बघा. पाणी फार नितळ असेल तरी वरून सगळं दिसतं. हात कोपरापर्यंत बुडवा, तळवा जेमतेम दिसेनासा झाला पाहिजे एवढं हिरवट पाणी बरं, तळवा स्वच्छ दिसत असेल तर शेणखताची मात्रा थोडी वाढवा, बोटं बुडताच दिसेनाशी झाली तर बंद करा, नाहीतर पुन्हा ऑक्सिजनचीच बोंब.

जिथं जाळी शक्यच नाही, म्हणजे गावतळं, पाझर तलाव, तिकडं भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, संस्थेनं ठेक्यानं घेतलेलं पाणी, तिथं माशांना लपायला जागा करा. बाभळीचा, बोरीचा झाडोरा बांधून दगड लावून बुडवायचा, किंवा बांबूचे पिंजरे ज्यातून मासा आत जाईल पण पाणकावळा नाही. जाळं कुठं ओढायचं ते ठरवून ती जागा मोकळी सोडा, नाहीतर पुढं आपलंच जाळं फाटतं. आणि बीज एका ठिकाणी न ओतता चार-पाच ठिकाणी.

हुसकावण्याचं म्हणाल तर चमकपट्टी, सीडी, बुजगावणं हे सगळं आठवडाभर चालतं, मग त्याच बुजगावण्यावर पक्षी बसतो. रोज जागा बदलत राहिलात तर थोडे दिवस जास्त. सगळ्यात भारी म्हणजे माणूस आणि कुत्रं, उजाडल्यापासून नऊपर्यंत. चारा टाकायची वेळ पण पक्षी गेल्यावरची ठेवा. पाइपची कार्बाइड गन, म्हणजे कार्बाइडच्या गॅसनं बार काढणारी घरगुती बंदूक, कृपा करून नको, २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यामुळं कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, आपल्या तळ्यावर पोरं असतातच.

आता परवानगी. बरेच जण म्हणतात, बाहेरच्या देशात पाणकावळे मारायचं लायसन्स मिळतं मग आपल्याला का नाही. मिळतं हे खरं आहे. इंग्लंडमध्ये १९८१ च्या कायद्याखाली नॅचरल इंग्लंड ही सरकारी संस्था देते, पण तिथंही आधी दाखवावं लागतं की नुकसान गंभीर आहे आणि हुसकावणं, लपणी, जाळी असले उपाय करून झालेत, आणि किती पक्षी मारायचे तो आकडा लायसन्सवर ठरलेला असतो. गोळी घालायची ती मुख्यतः बाकीच्या थव्याला वचक बसावा म्हणून, सगळे संपवायला नाही.

आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे. कलम ९ नं शिकार बंद, आणि कायद्यातली शिकार म्हणजे फक्त गोळी नाही, विष घालणं, फास लावणं, पकडणं, घरट्याला अंड्यांना हात लावणं, आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्नसुद्धा. तळ्याकाठच्या बाभळीवरची घरटी पाडली तर तुम्ही त्यात आलात. साधा गुन्हा धरला तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी अनुसूची पण काढून टाकली, म्हणजे पूर्वी कावळा त्यात होता म्हणून "कावळ्याला चालतं" म्हणणारे आता चुकीचं सांगतात. माशात औषध भरून ठेवणारे लोक आहेत, त्यानं घार मरते, कुत्री मरतात, ते पाणी जनावरं पितात. हे करणार्‍याला मी तळ्यावर उभा करत नाही.

वाट एकच, कलम ११. मालमत्तेला धोका झालाय अशी खात्री पटली तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं लिहून लेखी आदेश देऊ शकतात. देऊ शकतात, देतीलच असं नाही, आणि माशांसाठी पक्षी मारायची परवानगी मिळेल या भरवशावर बसू नका. पण अर्ज करायचाच असेल तर आपल्या वनपरिक्षेत्र अधिकार्‍यांकडं लेखी द्या, पोच घ्या, आणि सोबत सातबारा किंवा ठेक्याचा कागद, बीज खरेदीची पावती, दर महिन्याला जाळं मारून केलेलं वजन, जाळी-झाडोर्‍याचे तारखेसकट फोटो, आणि ती पहिल्या दिवसापासूनची वही जोडा. नुसतं "पक्ष्यांचा त्रास आहे" असं लिहिलेल्या कागदाला काही वजन नसतं. तोंडी "हो करा" कुणीही म्हटलं तरी करायचं नाही, कागद हातात पाहिजे. आणि जायकवाडी, नांदूर मधमेश्वर असल्या अभयारण्याच्या आसपास तळं असेल तर फटाका वाजवायच्या आधीसुद्धा वनखात्याला विचारा.

मी स्वतः अर्ज एकदाही केला नाही, जाळी लावल्यापासून वेळच आली नाही. मासे दीडशे ग्रॅमच्या वर गेले की मी ती काढतो, कारण उन्हात राहिली की दोरा कुजतो आणि दुसर्‍या वर्षी हातानं तुटतो. धुवून, सावलीत वाळवून, गुंडाळी करून वर टांगून ठेवा, गोठ्यात जमिनीवर टाकली तर पावसाळ्यापर्यंत उंदीर ठेवत नाहीत.