जुनं शिलाई मशीन घरी उघडताना: माझ्या चुकांच्या क्रमाने

आत्याचं पायडलचं मशीन माझ्याकडे आलं तेव्हा हातचाक जागचं हलत नव्हतं. वीसेक वर्षं ते झाकणाखाली पडून होतं. आत्या फोनवर एवढंच म्हणाली, "आधी तेल घाल. आणि उगाच सगळं खोलून बसू नकोस." मी तेल घातलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं खोलून बसलो. पुढचे दोन महिने त्या खोलण्याची भरपाई करण्यात गेले. त्यानंतर आणखी तीन जुनी मशीनं माझ्या हातून चालू झाली, आणि प्रत्येक वेळी आत्याचंच खरं निघालं. घरात असं मशीन पडून असेल आणि हात शिवशिवत असतील, तर हे वाचून मग स्क्रूड्रायव्हर उचला.

मी बोलतोय ते काळ्या लोखंडी, सरळ टीप मारणाऱ्या मशीनबद्दल. डाव्या तोंडाला टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारा भाग, आणि खाली डावीकडून बसणारी बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, असं असेल तर ते बहुधा सिंगरच्या पंधरा नंबरच्या घडणीचं किंवा तिच्या नकलेचं असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी ही घडण इतकी उचलली, की नावं शेकड्यांनी निघाली पण आतली रचना जवळपास एकच राहिली. नवशिक्याच्या हे पथ्यावरच पडतं, कारण सुटे भाग मिळतात. सिंगर असेल तर उजव्या बाजूला पाट्यावर नंबर कोरलेला असतो. अक्षरापाठोपाठ आकडे असतील तर ते १९०० नंतरचं. 'जी' म्हणजे अमेरिकेतला एलिझाबेथपोर्टचा कारखाना, 'एफ' किंवा 'वाय' म्हणजे स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा. अक्षरं दोन असली तर साधारण १९३५ पासून पुढचं. मशीनचं वय कळल्याने दुरुस्ती सोपी होत नाही, पण पहिल्या संध्याकाळी करायला ते सगळ्यात निरुपद्रवी काम आहे.

जाम झालेलं मशीन बहुतेकदा गंजलेलं नसतंच. जुनं तेल वाळून त्याचा चिकट, पिवळसर थर होतो आणि तो सांधे धरून ठेवतो. कुणी कधी खाद्यतेल घातलं असेल तर विचारूच नका, ते वार्निशसारखं घट्ट होतं. चाकाला हिसका देण्याआधी एकदा शटलच्या, म्हणजे बॉबिनभोवतीच्या टोकदार फिरत्या भागाच्या, मागे बघा. दोऱ्याचा एखादा तुकडा आत गुंडाळला गेला असेल तर तेलाचा डबा रिकामा करूनही उपयोग नाही. तो चिमट्याने ओढून काढावा लागतो. मग जिथे लोखंडावर लोखंड फिरतं अशा प्रत्येक जागी रॉकेलचा एकेक थेंब. काम खिडकी उघडून, आगीपासून लांब. तासाभराने हेअर ड्रायरने तो भाग कोमट करायचा आणि चाक अगदी हलक्या हाताने पुढेमागे झुलवायचं. पहिल्या दिवशी नखाएवढं हललं तरी जिंकलात. माझं तिसऱ्या दिवशी पूर्ण फिरलं आणि पाट्याखाली तपकिरी ओघळ आले. ते पुसून घ्यायचे आणि मगच शिलाई मशीनचं पातळ तेल घालायचं. रॉकेल फक्त धुण्यापुरतं, ते वंगण नाही.

इथे दोन गोष्टींची घाई करू नका. एक, मशीनचं डोकं, म्हणजे टेबलावरचा लोखंडी भाग, मागे उलटवण्याआधी बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट आहेत का ते पाहा. दहा किलोंच्या वरचं लोखंड आहे, पायावर पडलं तर मशीनला काही होणार नाही. दोन, काळ्या अंगावरच्या सोनेरी नक्षीला स्पिरिट लावू नका. तिच्यावर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा थर असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझ्या मशीनच्या एका कोपऱ्यात बोटाएवढी नक्षी गेली आहे ती याच शहाणपणाने. तेलाचं बोट आणि मऊ कापड पुरतं.

स्क्रूड्रायव्हर खाचेत पूर्ण भरणारा हवा, नाहीतर खाच बुजते. आणि स्क्रू हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला दुसरा बसत नाही, कारण सिंगरने आट्यांची मापं स्वतःचीच ठेवली होती. खाली पांढरं कापड अंथरा. काढलेला भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने ओळीत ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा.

आता माझी मुख्य चूक. चाक मोकळं झालं, मी हौसेने नवी सुई लावली, दोरा ओवला आणि टीप मारली. कापडाला नुसती भोकं पडली, टाका एकही नाही. मी निष्कर्ष काढला की टायमिंग, म्हणजे सुई आणि शटल यांच्या वेळेचा मेळ, बिघडलंय. हा शब्द मला नुकताच कळला होता, त्यामुळे तो कुठेतरी वापरायचाच होता. सुईदांड्याचा, म्हणजे सुई धरणाऱ्या उभ्या दांड्याचा, स्क्रू सैल केला, दांडा वरखाली केला, शटल काढलं-घातलं. दोन आठवडे.

सुई उलटी बसवली होती.

हे समजायला टाका कसा होतो ते एकदा सावकाश बघावं लागतं. सुईच्या डावीकडची पट्टी सरकवा आणि हातचाक स्वतःकडे, अगदी हळू फिरवा. सुई खाली जाते, तळ गाठते आणि जराशी वर उचलते. या जराशा उचलण्यात सगळा खेळ आहे. सुईच्या एका अंगाला लांब पन्हळ असते, दोरा तिच्यातून लपून उतरतो. दुसऱ्या अंगाला नेढ्याच्या वर एक छोटा खोलगट भाग असतो. सुई वर उचलते तेव्हा या दुसऱ्या अंगाचा दोरा कापडात अडकून मागे राहतो आणि त्याचा फुगीर फास तयार होतो. शटलचं टोक नेमकं त्याच वेळी तिथून जातं, फास उचलतं आणि बॉबिनभोवती फिरवून आणतं. पन्हळीच्या अंगाला फास पडत नाही. म्हणून सुई उलटी असली की शटल येतं, काही हाती लागत नाही आणि निघून जातं.

त्यामुळे नियम एकच. दोरा ज्या बाजूने नेढ्यात शिरतो, त्या बाजूला पन्हळ. सुईच्या दांड्याची चपटी बाजू त्याच्या विरुद्ध, शटलच्या अंगाला. कुठल्या मशीनवर ती डावीकडे येते, कुठल्या मशीनवर उजवीकडे. पाठ करण्यापेक्षा शेवटची दोरा-कडी कुठे आहे ते बघा, दोरा तिथूनच येतो. सुई वर टेकेपर्यंत आत सारायची. पाकिटावर १५×१ किंवा १३०/७०५ एच लिहिलेलं असावं, दोन्ही एकच. साध्या सुती कापडाला ९०/१४ मापाची सुई. गोल दांड्याच्या कारखानी सुया लांबीला वेगळ्या असतात, आत जातात म्हणून त्या चालतात असं नाही. मशीन काहीही कुरकुर करो, पहिला इलाज नवी सुई. बाकी सगळं नंतर.

टायमिंगला मात्र मी हात घातलाच होता, त्यामुळे ते परत बसवणं आलं. अनेक सुईदांड्यांवर दोन बारीक रेघा असतात. सुई तळाला असताना वरची रेघ दांडा ज्या नळीतून उतरतो तिच्या खालच्या कडेशी यावी. चाक पुढे फिरवून दांडा वर येताना खालची रेघ तिथे पोचली की शटलचं टोक बरोबर सुईच्या मध्यावर, नेढ्याच्या किंचित वर दिसायला हवं. मधलं अंतर सुमारे अडीच मिलिमीटर. इतकं जमलं की स्क्रू आवळायचा आणि पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही. टायमिंग आपोआप क्वचितच हलतं. सुई वाकून पाट्यावर आपटली तर हलतं, किंवा माझ्यासारखा कुणी भेटला तर.

दुसरी गोष्ट, जिच्यात प्रत्येक नवशिका फसतो: कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. गुंता खाली दिसतो म्हणून आपण खालची बॉबिन केस पिळत बसतो. तो गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. खात्री करायला वर लाल दोरा घाला, खाली पांढरा, आणि जाडसर कापडाची दुहेरी घडी शिवा. खालच्या बाजूला लाल फासे दिसले तर वरचा ताण सैल आहे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर वरचा फार घट्ट किंवा खालचा फार सैल. गाठ दोन थरांच्या मधोमध दडली पाहिजे. रंग वेगळे केल्यावर भांडण कुणाचं आहे ते लगेच कळतं.

वरचा ताण सैल असण्याचं सर्वात साधं कारण म्हणजे मशीनचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, खाली असताना दोरा ओवणं. पाय वर उचलला की टेन्शनच्या दोन चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यात बसतो. पाय खाली असेल तर तो चकत्यांच्या कडेवरूनच जातो आणि वर कितीही आकडा फिरवला तरी फरक पडत नाही. चकत्यांत जुन्या दोऱ्याचा तुसही अडकलेला असतो. पाय वर करून पातळ कापडाची पट्टी त्यांच्यातून ओढून घ्या, काळी होऊन येईल. एवढ्याने भागलं तर टेन्शन खोलू नका. मी खोललं, तेव्हा आतली स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली आणि चकत्या, वॉशर, आकड्यांची चकती यांचा क्रम मला रात्री एकपर्यंत लावता आला नाही. तिथे एक बारीक तारेची स्प्रिंग असते. सुईचं टोक कापडाला टेकेपर्यंत ती वरचा दोरा तणावात धरते, मग सोडते. ती वाकली तर टाका सुटतो.

बॉबिन केसला एवढंच करा. केसवरच्या ताणाच्या पट्टीखालचा तूस कागदाच्या कडेने काढा, बॉबिन भरून आत ठेवा आणि दोऱ्याला धरून केस अधांतरी लटकवा. ती तशीच लटकून राहावी, हात किंचित झटकला की दोन-तीन सेंटिमीटर उतरावी. धावत खाली गेली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. पट्टीच्या मधला मोठा स्क्रू ताणाचा. तो घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटं सरकावीत इतकाच फिरवायचा. आणि बॉबिन त्याच मापाची हवी. सिंगरच्या सहासष्ट नंबरची बॉबिन दिसायला जवळपास तशीच असते, पण तिच्या बाजू किंचित फुगीर असतात.

कापड पुढे सरकत नसेल तर सुईखालचा पाटा दोन स्क्रू काढून उचला. कापड पुढे ढकलणाऱ्या दातांच्या मधल्या फटींत तूस दबून नमद्यासारखा घट्ट झालेला असतो. सुईच्या टोकाने उकरून काढा, दात पुन्हा वर येतात.

हातचाकाच्या मधला गोल नॉब सैल केल्यावरही बॉबिन भरताना सुई वरखाली होत असेल, तर त्या नॉबमागचा कान असलेला वॉशर उलटा बसलाय. काढून अर्धा फेरा फिरवा आणि परत लावा. मोटारीचं मशीन असेल आणि जुन्या वायरींचं आवरण तडकलेलं दिसत असेल, तर ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनचं.

तेल घातल्यावर मशीन दहा मिनिटं रिकामं चालवा, मग मशीनच्या पायाखाली चिंधी ठेवून रात्रभर सोडा. सकाळी तिच्यावर डाग असतील. ते थांबेपर्यंत चांगलं कापड लावू नका.

माझं मशीन चालू झालं त्या संध्याकाळी मी फोन स्पीकरवर ठेवून आत्याला टीप ऐकवली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पट्टा सैल आहे रे. बोटभर काप." मी पट्ट्याचा आकडा उघडला, चामडं मोजून एक बोट कापलं, पुन्हा भोक पाडून आकडा दाबला. पायडलवर पाय ठेवल्यावर अर्ध्या झटक्यात चाक फिरलं. फोन अजून चालूच होता. "हां, आता," आत्या म्हणाली.