फोन-कॉम्प्युटर बिघडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत या चुका टाळा

मिरगाचा पाऊस लागला की कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत भिजलेल्या फोनांची रांग लागते. कुणाचा रंकाळ्यावरून गाडीनं येताना खिशात भिजलेला, कुणाचा मोटार चालू करायला गेल्यावर पाटात पडलेला. पाण्यानं थोडंच नुकसान केलेलं असतं, बाकीचं मालकानं घाईघाईत करून आणलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी घाई म्हणजे ‘चालू होतोय का बघू’. ओल्या सर्किटमधून वीज वाहिली की तांब्याचे आणि सोल्डरचे बारीक जोड झपाट्यानं गंजतात. बंद फोनमध्ये तेच काम फार सावकाश चालतं. म्हणून फोन चालू असेल तर आधी बंद करा. कव्हर आणि सिमचा ट्रे काढा, वरून कोरडं पुसा, चार्जिंगची खाच खाली करून तळहातावर हलकेच आपटा आणि पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. हेअर ड्रायर नको, चुलीजवळ नको, कडक ऊनही नको. पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला तर हात लावू नका, मग कितीही महत्त्वाचा फोन यायचा असो.

आणि तांदळाचा डबा मांडणीवरच राहू द्या. ॲपलनं २०२४ मध्ये आपल्या सूचनांत सरळ लिहून टाकलं की आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. तांदळातून आलेला फोन उघडताना एकदा कारागिराच्या शेजारी उभं राहून बघा. चार्जिंगच्या खाचेत पीठ ओलं होऊन चिकटलेलं असतं, ते टोकदार चिमट्यानं खरवडून काढावं लागतं. आत बोर्डवर पत्र्याच्या झाकणांच्या कडेनं हिरवट-पांढरं पुट चढलेलं. कारागीर मऊ ब्रशवर आयपीए घेतो, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि भिंगाखाली धरून ते पुट घासतो. हे काम पहिल्या दिवशी झालं तर फोन वाचायची शक्यता बरी असते. दोन दिवस तांदळात ठेवला म्हणजे त्या पुटाला दोन दिवस मोकळं रान दिलं.

‘माझा वॉटरप्रूफ आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: आयपी६८ म्हणजे पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा, आणि त्याची चाचणी प्रयोगशाळेत, स्वच्छ गोड्या पाण्यात होते. पंचगंगेच्या गढूळ पाण्याचा किंवा बादलीतल्या साबणाच्या पाण्याचा त्यात हिशेब नाही. शिवाय फोन जुना झाला, एकदा उघडला गेला, की ते सीलही पहिल्यासारखं राहत नाही.

पुराचा विषय निघालाच आहे तर घरातल्या डेस्कटॉपचंही बोलू. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या शहराला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी वेगळी सांगायला नको. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. इशाऱ्याचा आकडा जवळ आला की आपण गॅसची टाकी आणि कागदपत्रं माळ्यावर चढवतो, सीपीयू मात्र टेबलाखालीच राहतो. वायरी सुटतील तशा काढा, आधी त्यांचा एक फोटो घ्या म्हणजे परत जोडताना डोकं खाजवायला लागणार नाही, आणि सीपीयू वर न्या. पाण्यात गेलाच असेल तर बाहेरून वाळलाय म्हणून प्लग लावू नका. पॉवर सप्लायच्या पेटीत गाळ बसलेला असतो, आणि ती पेटी घरी उघडायची नाही. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका भार शिल्लक असू शकतो.

कॉम्प्युटर मंद झाला की आपल्याकडे एकच औषध: ‘फॉरमॅट मार भावा!’ थांबा जरा. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले, त्यामुळे सध्या अनेक जण विंडोज बदलायच्या मागे आहेत, आणि त्यात दोन गोष्टी हटकून राहतात. एक, डेस्कटॉपवरच्या फाइली. डी ड्राइव्ह वाचतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण डेस्कटॉप आणि डाउनलोड हे फॉरमॅटमध्ये पुसल्या जाणाऱ्या सी ड्राइव्हमध्येच असतात हे आठवत नाही. दुसरी गोष्ट पत्रिका, हँडबिलं, संस्थांचे अहवाल करणाऱ्यांची. जुनी मराठी मजकुराची फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल, तर फॉन्ट गेला की ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. फाइल खराब झाली समजून ती पुसणारेही आहेत. तिला काही झालेलं नसतं, तोच फॉन्ट परत टाकला की मजकूर दिसतो. म्हणून फॉरमॅटआधी फाइलींबरोबर फॉन्टसुद्धा पेन ड्राइव्हवर घ्या. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, तेही आधी बघा.

स्टोरेज भरलं म्हणून कुठलं तरी ‘क्लीनर’ ॲप टाकू नका, त्यानं जागा आणखी जाते आणि जाहिराती वाढतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. अनेकदा फॉरवर्ड झालेले आणि ५ एमबीहून मोठे व्हिडिओ तिथे वेगळे काढून दिलेले असतात. सुप्रभातची फुलं आणि जोतिबाचं रोजचं दर्शन एवढी जागा खातं हे बघून चाटच पडाल. पण फोनच्या सेटिंगमध्ये घाईत व्हॉट्सॲपच्या ‘क्लिअर कॅश’ ऐवजी ‘क्लिअर डेटा’ दाबू नका. बॅकअप नसेल तर चॅट जातील. चुकून फोटो उडाला तर आधी ट्रॅश बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो. मेमरी कार्डावरचा उडाला असेल तर त्या कार्डावर पुढं नवं काही साठवू नका, कारण नवा फोटो जुन्याच्या जागेवर बसू शकतो.

बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, आणि घंटागाडीतही टाकू नका.

आता पैशाची गोष्ट. बँकेचं किंवा गॅसचं काही अडलं की आपण कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधतो, आणि वर दिसेल त्याला फोन लावतो. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबरही असतात. नंबर कार्डाच्या मागून, पासबुकवरून किंवा बिलावरून घ्या. समोरचा स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतोय, किंवा रिफंड घ्यायला पिन टाका म्हणतोय, तर तिथंच फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही.

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते. नाव मराठीत, शेवटी मात्र ‘एपीके’. पत्रिका पीडीएफ असते, नाहीतर फोटो. एपीके म्हणजे ॲप, आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली की तेच तुमचे ओटीपी वाचतं. उघडलंच असेल तर लगेच एअरप्लेन मोड लावा, घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. घरचे काय म्हणतील म्हणून उद्यावर ढकलू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात, आणि तिथे खरंच मिनिटं मोजली जातात.

महाद्वार रोडच्या गर्दीत किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेत फोन गेला तर लोक ताबडतोब दूरून सगळं ‘इरेज’ करतात. अँड्रॉइडवर त्यानंतर फोन कुठे आहे हे दिसायचं बंद होतं. आधी लॉक करा, मग सिम बंद करा, यूपीआय थांबवा, पोलिसांत तक्रार द्या, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या सीईआयआर सेवेवर, म्हणजे हरवलेले फोन बंद करणाऱ्या सेवेवर, फोन ब्लॉक करा. त्याला आयएमईआय नंबर लागतो, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. आत्ताच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून तो कागदावर उतरवून घ्या. त्याच फोनच्या नोट्समध्ये जपून ठेवणारे महाभाग पुष्कळ आहेत.