नेट सारखं तुटतंय? आधी कुठे तुटतंय ते शोधा

नेट दर थोड्या वेळाने जातंय म्हटल्यावर पहिला हात राउटरच्या स्विचकडे जातो, पण जरा थांबा. रिस्टार्ट केल्यावर तात्पुरतं बरं चालतं आणि परत तेच सुरू होतं, शिवाय बऱ्याच राउटरचा लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद, रिस्टार्टला पुसला जातो म्हणजे बिघाड कुठे होता ते कळायचा मार्गच बंद. आणि मागे ते बारीक भोक असतं ना पिन घालायचं, ते रीसेटचं आहे, त्याला तर अजिबात हात लावू नका, कनेक्शनचं युजरनेम पासवर्ड सकट सगळी सेटिंग उडते आणि मग नेट पूर्णच बंद.

बिघाड तीनपैकी एका जागी असतो, वायफाय, राउटर नाहीतर बाहेरून येणारी लाईन. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या (कमांड टाइप करायची काळी खिडकी, स्टार्टमध्ये cmd शोधा) दोन विंडो उघडा. एकीत पिंग (ping, समोरून उत्तर येतंय का ते तपासणारी कमांड) लिहून पुढे राउटरचा पत्ता द्या, तो राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, दुसरीत तसंच पिंग आणि ८.८.८.८, हा गुगलचा सर्व्हर आहे. विंडोजमध्ये शेवटी डॅश टी (-t) लावा म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहतं. मग आपलं काम करत बसा आणि नेट गेलं की लगेच दोन्हीकडे बघा. फक्त ८.८.८.८ वाली विंडो 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणतेय तर घरातलं वायफाय ठीक आहे, गडबड लाईनमध्ये. दोन्ही अडकल्या तर वायफाय किंवा राउटर. दोन्ही मस्त चालू आहेत पण साइट उघडत नाहीत तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, तो नेटवर्क सेटिंगमध्ये बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून बघा. एखाददुसरा पिंग चुकला तर त्याचं टेन्शन घेऊ नका, सलग पाच-दहा गेले तर ते खरं तुटणं.

दोन्ही अडकत असतील तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावून हेच परत करा, केबलवर तुटत नसेल तर दोष वायफायचा, तिथेही तुटत असेल तर राउटरचा. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झवर आजूबाजूच्या सगळ्यांची गर्दी असते, मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यात चालतो, तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल (पट्ट्यातला एक भाग) १, ६ किंवा ११ यातला जो मोकळा असेल तो घ्या, बाकीचे एकमेकांवर चढतात. जवळ बसून वापरत असाल तर ५ गिगाहर्ट्झच बरा. पण त्यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, चॅनल ५२ ते १४४ हे रडारबरोबर वाटून घेतलेले असतात, राउटरला रडारचा सिग्नल जाणवला की नियमाप्रमाणे चॅनल सोडावाच लागतो आणि त्यावरचे सगळे डिव्हाइस एकदम बाहेर. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क मधूनच गायब होऊन परत येत असेल तर चॅनल ऑटोवरून काढून ३६ ते ४८ मधला लावा. एकट्या लॅपटॉपचंच तुटतंय आणि मोबाईल नीट चालतोय तर वायफाय अॅडॉप्टरचं पॉवर सेव्हिंग बंद करा.

राउटरवर संशय असेल तर त्याच्या सेटिंग पेजवर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं) अपटाइम, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे ते, बघा. तुम्ही हातही लावलेला नाही आणि अपटाइम वीस मिनिटं दाखवतोय म्हणजे राउटर स्वतःच बंद होऊन चालू झालाय, आणि त्यामागे बरेचदा जुना झालेला पॉवर अॅडॉप्टर असतो. नवा घेताना व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अॅम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतील, पिन आणि तिची पोलॅरिटी (प्लस-मायनस कुठल्या बाजूला) जुळतेय ना तेही बघा. राउटर खूप तापत असेल तर कपाटातून बाहेर काढा.

आता फायबरची लाईन. पीऑन (PON, फायबरचं कनेक्शन जुळल्याचा) लाईट स्थिर हिरवा पाहिजे, एलओएस (LOS, सिग्नल गेल्याचा) लाल लागला म्हणजे प्रकाश राउटरपर्यंत येतच नाहीये. ती बारीक केबल कुठे कपाटामागे चेपली किंवा काटकोनात वाकलीय का बघा, वाकली की प्रकाश तिथूनच बाहेर पडतो. टोक काढून त्यात डोकावू नका, लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो, आणि टोकाला बोटही लावू नका. सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर (Rx Power, लाईनमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) सापडला तर लिहून ठेवा, साध्या घरगुती जीपीऑन (GPON, घरोघरी फायबर देण्याची नेहमीची पद्धत) लाईनवर तो साधारण मायनस ८ ते मायनस २७ डीबीएमच्या (ती ताकद मोजायचं एकक) मधे असावा, मायनस २८, २९ असा खाली गेला की तुटायला लागू शकतं.

तक्रार करताना 'नेट स्लो आहे' एवढंच सांगितलं तर रिस्टार्ट करा हेच उत्तर येतं. त्यापेक्षा कधी कधी तुटलं त्या वेळा, तेव्हा कुठला लाईट होता, केबलवर तपासलंय आणि आरएक्सचा आकडा हे सगळं द्या. माणसाने येऊन केबलचा जॉइंट केला की त्याला लगेच सोडू नका, तो असतानाच आरएक्स पॉवर परत बघा, मायनस २८ चा मायनस २० च्या आसपास आला तर काम झालं, तेवढाच राहिला तर केबलच्या टोकाचा कनेक्टर नव्याने बसवायला सांगा.