मोठा टॅरंटुला कसा पाळावा : ब्राझीलच्या लासिओडोराची देखभाल

ब्राझीलच्या ईशान्येकडील पराइबा राज्यात, कांपिना ग्रांदे शहराच्या परिसरात आढळणारा लासिओडोरा पराहिबाना हा टॅरंटुला, म्हणजे केसाळ अंगाचा मोठा कोळी, जगातील सर्वांत मोठ्या कोळ्यांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेल्या मादीच्या पायांचा पसारा २० सेंटिमीटरच्या पुढे जातो. दक्षिण अमेरिकेतील गोलायथ हा कोळी याहूनही भारी असला, तरी त्याला सतत दमट जमीन लागते. लासिओडोरा त्या मानाने सोशिक आहे, त्यामुळे मोठा टॅरंटुला पाळण्याची सुरुवात याच्यापासून करणे शहाणपणाचे ठरते.

सर्वप्रथम कायदा पाहावा. भारतात असे प्राणी परवान्याशिवाय परदेशातून आणता येत नाहीत. २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेल्या पार्सलमधून १०७ जिवंत कोळी जप्त केले होते. म्हणून पुढील माहिती मुख्यतः युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या आणि तेथे कायदेशीररीत्या कोळी घेऊ शकणाऱ्या वाचकांच्या उपयोगाची आहे. तेथेही बंदिवासात पैदास झालेलाच कोळी घ्यावा. या जातीच्या अंड्यांच्या एका पिशवीतून हजाराहून अधिक पिल्ले निघू शकत असल्याने रानातून पकडलेला प्राणी घेण्याचे काहीच कारण उरत नाही.

त्यानंतर पेटी तयार करावी, आणि कोळ्याचे आयुष्य बहुतांशी येथेच ठरते. प्रौढ कोळ्यासाठी सुमारे ६० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद काचेची पेटी पुरते. तळाशी किंचित ओलसर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) १५ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड थर दाबून भरावा. नवख्या माणसाला पेटी जितकी उंच तितकी चांगली वाटते. प्रत्यक्षात थराच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून अधिक असू नये. एवढ्या जड कोळ्याचे उदर अतिशय नाजूक असते आणि हातभर उंचीवरून पडल्यासही ते फाटून तो मरू शकतो. झाकण तारेच्या जाळीचे नसावे, कारण पायांची नखे त्यात अडकतात; भोके पाडलेला अ‍ॅक्रिलिकचा पत्रा उत्तम. लपण्यासाठी झाडाच्या सालीचा पन्हळीसारखा तुकडा आणि पिण्यासाठी उथळ वाटीत स्वच्छ पाणी ठेवावे. पेटीखाली उष्णतेची गादी मात्र ठेवू नये. उकाडा जाणवला की कोळी सवयीने जमीन उकरून खाली जातो, म्हणजे नेमका उष्णतेच्या जवळ पोहोचतो. खोलीचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सियस राखणे पुरेसे असते.

प्रौढ कोळ्याला आठ-दहा दिवसांतून एकदा दोन-तीन मोठी झुरळे किंवा रातकिडे द्यावेत. घरातली अथवा अंगणातली झुरळे देऊ नयेत, कारण त्यांच्या अंगावर कीटकनाशक असण्याची शक्यता असते. न खाल्लेले भक्ष्य दुसऱ्या दिवशी लांब चिमट्याने बाहेर काढावे.

कोळी हातावर घेण्याचा मोह टाळावा. याचे विष माणसाला सहसा जीवघेणे नसले, तरी विषदंत लांब असल्याने जखम खोल होते. त्याहून जास्त उपद्रव उदरावरील केसांचा होतो. कोळी चिडला की मागच्या पायांनी ते झाडतो, आणि खाजकुयलीच्या लवेप्रमाणे ते त्वचेत रुततात. डोळ्यात गेल्यास दीर्घकाळ दाह राहू शकतो. म्हणून पेटी साफ करताना हातमोजे व चष्मा वापरावा, तोंड झाकणाजवळ नेऊ नये, आणि कोळ्याला हलवायचे असल्यास मऊ कुंचल्याने हळूच ढकलत पारदर्शक डब्यात घ्यावे.

खाणे अचानक थांबले आणि उदराचा केस गळालेला भाग काळपट दिसू लागला, तर कात टाकण्याची वेळ जवळ आली असे समजावे. कोळी पाठीवर उताणा पडतो आणि पाहणाऱ्याला तो मेल्यासारखा वाटतो. अशा वेळी त्याला सुलटा करू नये, हात लावू नये. पेटीतले जिवंत भक्ष्य आधीच काढून टाकावे, कारण साधा रातकिडाही कोवळ्या कोळ्याला कुरतडू शकतो. नवे विषदंत सुरुवातीला पांढरे असतात, मग लालसर होतात. ते पूर्ण काळे होईपर्यंत खाद्य देऊ नये. मोठ्या कोळ्याच्या बाबतीत यास साधारण दोन आठवडे लागतात. उतरलेली कात फेकू नये. ती ओलसर असतानाच अलगद उलगडून उदराच्या आतील बाजूस शुक्राणू साठवण्याची पिशवी आहे का हे भिंगातून पाहिल्यास मादी ओळखता येते. मादी दहा वर्षांहून अधिक जगते. नर मात्र शेवटची कात टाकल्यावर साधारण वर्षभरात मरतो.