जुनं चर्च दुरुस्त करताय? सिमेंटची गोणी आधी बाहेर काढा

वैजापूर-गंगापूर पट्ट्यात मिशनच्या काळातली काळ्या दगडाची छोटी चर्चं आहेत. त्यातलं एखादं ओस पडलेलं पुन्हा उभं करावं असं गावातल्या पोरांना वाटतं, तेव्हा मला फार बरं वाटतं. पण मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा काम बिघडल्यावर, आणि बिघाड जवळजवळ नेहमी तोच असतो.

सिमेंट. आपला काळा पाषाण घट्ट असतो, तो पाणी फारसं पीत नाही. भिंतीतली ओल बाहेर पडते ती दरजांतून, म्हणजे दोन दगडांमधल्या चुन्यातून. त्या दरजा सिमेंटने बुजवल्या की भिंतीचा श्वास बंद होतो. ओल भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांमधल्या भरावात साठते आणि मिळेल तिथून वर चढते.

एका चर्चमध्ये नाताळच्या आधी काम उरकायचं म्हणून बाहेरून सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या आणि आतून छातीइतका गिलावा केला होता. त्या वर्षी चर्च अगदी नवं दिसलं. दोन पावसाळ्यांनी गिलाव्याच्या वर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटला. वेदीमागच्या भिंतीवर निळ्या रंगात काढलेल्या चांदण्या होत्या, त्या पापुद्र्यांसारख्या गळून पडल्या. आम्ही फेब्रुवारीत एक दगड काढला तर आतला भराव चिखल झालेला. सिमेंट छिन्नीने काढायला दोन हिवाळे गेले, कारण ते सुटताना दगडाची कडही घेऊन येतं. त्या चांदण्या मात्र परत आल्या नाहीत. त्यांचा फोटोही कोणाकडे नव्हता.

मूळ दुखणं भिंतीत नव्हतंच. शेजारच्या रस्त्यावर भर टाकून टाकून जमीन उंच झाली होती आणि जोतं दीड फूट काळ्या मातीत गाडलं गेलं होतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. माती उकरून जोतं मोकळं केलं, पाणी लांब नेणारा चर काढला, आणि पुढच्या उन्हाळ्यात भिंत आपोआप सुकली. म्हणून माझा नेम आहे: काम हाती घेण्याआधी एक पावसाळा जाऊ द्यायचा. पहिल्या मोठ्या पावसात मी तासभर आत उभा राहतो आणि पाणी जिथून येतं तिथे खडूने खूण करतो. "आधी प्लास्टर, पाण्याचं नंतर बघू" म्हणणाऱ्यांचं काम मी घेत नाही.

चुना कळीचा, म्हणजे भाजलेल्या खड्यांचा घ्या, पाण्यात विरवा आणि निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. मी एका भाग चुन्याला तीन भाग वाळू आणि विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घेतो. एप्रिल-मेच्या उन्हात चुन्याचं काम काढू नका. तो धरायच्या आत वाळतो आणि नखाने खरवडला जातो. दिवाळीनंतर सुरू करा आणि ओली पोती लावून ठेवा. यात घाई करणाऱ्याने मंगलोरी कौलं बदलण्यापलीकडे काही करू नये.

भिंतीत उगवलेला पिंपळ उपटू नका. मूळ ओढलं की दगडही येतात. बुंधा कापून ताज्या कापावर तणनाशक लावा, मूळ वाळू द्या, मग पोकळीत पातळ चुना भरा.

भिंतीने पोट काढलं असेल तर हात लावू नका, जाणकार अभियंता आणा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी किती जीव घेतले ते आपण पाहिलंय. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधणारा आरपार दगड नसेल तर नुसती डागडुजी धोक्याची आहे.

आत तैलरंग नको. चकचकीत टाइल्सही नकोत, त्यांच्याखालची ओल भिंतीत जाते. घंटा अॅसिडने घासू नका.

आणि वेदी. फादरना न विचारता तिचा दगड हलवू नका. जुन्या वेदीत संतांचे अवशेष बसवलेले असू शकतात. इमारत ओस असली तरी तिची मालकी कोणाची, आणि बिशपांनी ती उपासनेतून काढल्याचा आदेश दिलाय का, हे धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारा. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा आहे. त्याआधी हा भाग अमरावती धर्मप्रांतात होता, त्यामुळे जुने कागद तिकडेही शोधा. मी धर्मप्रांताच्या कार्यालयाचा कागद हातात आल्याशिवाय शिडी लावत नाही.