एन्क्रिप्शन असूनही माहिती फुटते कुठे? या चुका टाळा

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाशी पहिल्यांदा बोलायला घेतलं की वरच एक ओळ दिसते: हे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. ओळ खरी आहे. एप्रिल २०१६ पासून तिथला प्रत्येक संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या वाटेवर कंपनीलाही तो वाचता येत नाही.

पण हे संरक्षण फक्त वाटेवरचं आहे. संदेश पोचला की दोन्ही फोनवर तो उघडाच असतो. तिथून तो बॅकअपमध्ये जातो, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसतो, झेरॉक्सच्या दुकानात डाउनलोड होतो. आपल्याकडे माहिती फुटते ती बहुतेक वेळा अशा टोकांना, आणि ही टोकं आपल्या हातात असतात. म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर.

बॅकअप उघडा ठेवणं

चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जातो. तो एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असेलच असं नाही. ती सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आली आणि ती आपण स्वतः चालू करावी लागते. म्हणजे फोनवर भक्कम बंदोबस्त, आणि त्याच गप्पांची दुसरी प्रत ईमेलच्या पासवर्डवर अवलंबून. तो पासवर्ड ज्याच्या हाती लागेल त्याला बॅकअपपर्यंत पोचायची वाट मोकळी होते.

सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप असा पर्याय आहे. तो चालू करताना पासवर्ड ठेवता येतो किंवा ६४ अंकी किल्ली घेता येते. घरातल्या मोठ्यांसाठी पासवर्ड बरा, आणि तो डायरीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल. फोनवरच्या नोट्समध्ये मात्र लिहू नका, कारण फोन हरवला तर तोही जाईल.

इथे नेहमी येणारी अडचण अशी: पासवर्ड आठवत नाही. जुना फोन हातात असेल आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडत असेल तर याच सेटिंगमध्ये जाऊन, बोटाचा ठसा किंवा स्क्रीन लॉक देऊन, पासवर्ड बदलता येतो. म्हणून नवा फोन घेतल्यावर जुना लगेच पुसून एक्स्चेंजला देऊ नका. जुना फोन गेला, पासवर्डही गेला, तर तो बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही. एन्क्रिप्शन खरं असल्याची ही किंमत आहे आणि ती मोजण्यासारखी आहे.

आयफोनवाल्यांनी आणखी एक पाहावं. संपूर्ण फोनचा आयक्लाउड बॅकअप चालू असेल, तर चॅटची एक प्रत त्यातूनही वेगळी जाते आणि वरची सगळी मेहनत फुकट जाते.

त्याच बैठकीत व्हॉट्सअ‍ॅपमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा आणि तुमचं खातं आणखी कुठल्या मशीनवर चालू आहे ती यादी बघा. आधीच्या नोकरीतला कॉम्प्युटर, सायबर कॅफेतलं मशीन, असं काही दिसलं तर तिथून लॉगआउट करा.

झेरॉक्सच्या दुकानात अख्खं आधार पाठवणं

तहसील कचेरीच्या आसपासचं कुठलंही दुकान घ्या. काचेवर एक मोबाइल नंबर चिकटवलेला असतो: ‘प्रिंटसाठी फाइल इथे पाठवा’. आत कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब दिवसभर उघडं. लोक आधार, पॅन, सातबारा, बँकेचं पासबुक, पोराचा दहावीचा निकाल, सगळं त्या नंबरवर पाठवतात. प्रिंट निघते, सुटे पैसे दिले जातात, गिऱ्हाईक निघून जातं. फाइल मात्र डाउनलोड्स फोल्डरमध्येच राहते, आधीच्या शेकडो फाइलींच्या खाली. दुकानदार प्रामाणिक असतो, पण त्या मशीनवर दिवसभरात किती जण बसतात हे त्यालाही सांगता येणार नाही.

एकदा बघितल्यावर नाहीसा होणारा ‘व्ह्यू वन्स’ संदेश इथे कामाचा नाही. ती सोय फोटो, व्हिडिओ आणि व्हॉइस मेसेजपुरती आहे, पीडीएफला लागत नाही. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी कॉम्प्युटरवर उतरवलेली प्रत जात नाही. उपाय साधा आहे आणि संकोच न करता करायचा आहे: ‘दादा, फाइल माझ्यासमोर डिलीट करता का, रिसायकल बिनमधूनही?’ असं विचारायचं. बहुतेक दुकानदार लगेच करतात.

त्याहून चांगलं म्हणजे पूर्ण आधार पाठवूच नये. मायआधार पोर्टलवरून मास्क्ड आधार उतरवता येतं. त्यात पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. लॉजवर खोली घेताना किंवा सोसायटीत भाडेकरूची नोंद करताना नुसती ओळख पटवायची असते, तिथे हेच द्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख, आणि त्यावरून सही.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहणं हीसुद्धा चूकच. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल. तुमचं नाव आणि वय माहीत असलेल्या कुणालाही ती फाइल उघडता येते.

बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद मायआधारवरून लॉक करता येते आणि ती करून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. अंगठा लावून खात्यातून पैसे काढण्याची सोय गावोगावी झाली, तसे त्या सोयीतून फसवणुकीचे प्रकारही वाढले. लॉक केल्यावर एक अडचण हमखास येते: रेशन दुकानात किंवा सिमकार्ड घेताना ‘अंगठा लागत नाही’ असं सांगतात. मशीनवर ३३० हा एरर कोड आला असेल तर अंगठ्यात काही बिघाड नाही, तुमचं बायोमेट्रिक लॉक आहे एवढाच त्याचा अर्थ. थोड्या वेळापुरतं अनलॉक करा, काम उरका; नंतर ते आपोआप पुन्हा लॉक होतं.

टेलिग्राम, कुलपाचं चिन्ह, लॅपटॉप

टेलिग्रामवरची साधी चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसते. फक्त ‘सीक्रेट चॅट’ असते, आणि ग्रुपला ती सोयच नाही. क्लासचे, शेअर बाजाराचे ग्रुप चालवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

ब्राउझरमधल्या कुलपावर विसंबून कार्डाचा नंबर टाकू नका. ते कुलूप फक्त इतकंच सांगतं की तुम्ही आणि ती साइट यांच्यामधली वाट बंद आहे. साइट चोराची असली तरी कुलूप दिसतं. याच गैरसमजामुळे गूगल क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं.

लॅपटॉपचं प्रकरण वेगळं आहे. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन अनेकदा आपल्या नकळत चालू झालेलं असतं. एखाद्या अपडेटनंतर किंवा दुरुस्तीनंतर निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. लोक घाबरून दुकानात नेतात आणि तिथे ‘फॉरमॅट मारावं लागेल’ असं ऐकतात. आधी थांबा. लॅपटॉप सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं होतं, त्यात फोनवरून लॉगिन करून रिकव्हरी की शोधा. बहुतेक वेळा ती तिथेच मिळते. आज लॅपटॉप नीट चालत असेल तर आजच ती कागदावर उतरवून ठेवा.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. खासगीपणा म्हणजे गुन्हा झाकणं नव्हे. आजाराचे रिपोर्ट, कर्जाचा हप्ता, मुलीच्या क्लासची वेळ, घर कधी बंद असतं ही माहिती, हे कुणाला सांगायचं ते ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा निकाल कागदावर राहिलेला नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेऊन एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले.

एन्क्रिप्शनचा वादही याच हक्काशी जोडलेला आहे. २०२१ च्या आयटी नियमांनुसार, संदेश मुळात कुणी पाठवला हे मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी मागणी झाल्यावर सांगायला हवं. त्यासाठी एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर देशातून निघून जाऊ, असं व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं. अफवांनी माणसं मारली गेली आहेत, त्यामुळे सरकारची काळजी खोटी नाही. तरीही काही गुन्हेगारांचा माग काढण्यासाठी सगळ्यांचंच कुलूप कमजोर करणं मला मान्य नाही. कमजोर कुलूप चोरालाही उघडता येतं.

रोजच्या व्यवहारात हा हक्क वापरायचा तो विचारण्यातून. दुकानात बिल करताना मोबाइल नंबर देणं बंधनकारक नाही. दुकानदारांनी त्यासाठी अडून बसू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्येच बजावलं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो जमा होतो सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. हे मला खटकतं आणि यावर बोललं गेलं पाहिजे.

माहिती गेलीच असेल तर

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात. पाठोपाठ बँकेला कळवा. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथूनच तक्रार नोंदवा. मायआधारवर ‘ऑथेंटिकेशन हिस्ट्री’ उघडलीत की मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे, कधी आणि अंगठ्याने की ओटीपीने वापरलं गेलं ते कळतं. ओळखीची नसलेली नोंद दिसली तर तिचा स्क्रीनशॉट काढा आणि बायोमेट्रिक लॉक करूनच तक्रारीला लागा.