ठशाखालचा जोड: स्पॉट वेल्डिंगच्या लाइनवरची पहिली वर्षं

स्पॉट वेल्ड बाहेरून पाहिला तर दिसतो तो फक्त तांब्याच्या टिपचा गोल ठसा. खरा जोड दोन पत्र्यांच्या मध्ये, झाकलेला. ठसा छान गोल आणि चकचकीत असूनही आत धातू वितळलेलाच नसतो, असं होतं. आणि ठसा काळपट, जरा वेडावाकडा असला तरी आतली गाठ भक्कम निघते. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं, कारण मला ते नीट कळायला दीड वर्ष लागलं.

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी सांगलीकडून चाकणला आलो आणि गाड्यांच्या बॉडीचे भाग प्रेस करून जोडणाऱ्या एका कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागलो. पोलादी बॉडीच्या एका चारचाकीवर साधारण ३ ते ५ हजार स्पॉट असतात. आमच्याकडचे भाग लहान होते, तरी एका शिफ्टमध्ये हजारो स्पॉट पडायचे. अभ्यासक्रमात वेल्डिंग म्हणजे मुख्यतः आर्क आणि गॅस. रेझिस्टन्स वेल्डिंग परीक्षेपुरतं वाचलेलं. लाइनवर उभा राहिलो तेव्हा ते वाचलेलं पुन्हा उघडावं लागलं.

तत्त्व सोपं आहे. दोन पत्रे एकमेकांवर ठेवायचे, दोन्ही बाजूंनी टिपांनी दाबायचे आणि करंट सोडायचा. एक मिलिमीटरच्या साध्या पोलादी पत्र्याला साधारण ८ ते १० हजार अँपिअर लागतात. दाब २ ते ३ किलोन्यूटन, म्हणजे दोन-तीनशे किलोचं वजन ठेवल्यासारखा. वेळ सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग. करंटचा वर्ग, रोध आणि वेळ यांच्या गुणाकाराइतकी उष्णता तयार होते. पत्रा पत्र्याला टेकतो तिथे रोध जास्त, म्हणून धातू तिथे आधी वितळतो. टिपांच्या पोटातून थंड पाणी फिरत असतं, त्यामुळे बाहेरची बाजू घट्ट राहते. करंट बंद झाल्यावरही टिपा क्षणभर दाब सोडत नाहीत, तेवढ्या वेळात आतला धातू थिजतो. त्या थिजलेल्या गाठीला सगळे नगेट म्हणतात. पुढचं सगळं काम त्या चार-पाच मिलिमीटरच्या नगेटभोवती फिरतं.

कारखान्यात मात्र या नगेटचे तीन मालक असतात. जोडायचं काम प्रॉडक्शनचं. करंट आणि वेळ सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर येणारे आलेख आणि अलार्म मेंटेनन्सचे. नमुना तोडून बघायचं काम क्वालिटीचं. जो जोडतो तो तोडलेला नमुना क्वचितच बघतो, आणि जो तोडतो त्याला त्या स्पॉटचा करंटचा आलेख माहीत नसतो. नवीन माणूस यातल्या एका खात्यात पडतो आणि वर्षानुवर्षं तिथलंच बघत राहतो. तुम्ही तसं होऊ देऊ नका. पहिल्या वर्षी एकच स्पॉट निवडा आणि त्याचा तिन्ही खात्यांतून पाठलाग करा.

मी निवडला होता चार नंबरच्या गनचा, म्हणजे दोन टिपांमध्ये पत्रे दाबणाऱ्या यंत्राचा, सातवा स्पॉट. साध्या डायरीत रोज तीन गोष्टी लिहायच्या: टिप ड्रेस केल्यापासून, म्हणजे तिचं टोक कापून पुन्हा आकारात आणल्यापासून, कितवा भाग आहे, त्या स्पॉटचा आलेख कसा आला, आणि नमुना सोलल्यावर गाठीचा व्यास किती निघाला. नमुन्यावर रंगाच्या पेनने गन, स्पॉट आणि वेळ लिहून ठेवायची सवय तेव्हाच लागली. ती सवय नसेल तर तुटलेला तुकडा आणि आलेख यांची जोडी पुन्हा कधीच लागत नाही, मग तो तुकडा नुसतं भंगार.

पील टेस्ट म्हणजे पकडीने एक पत्रा दुसऱ्यावरून सोलून काढणं. साध्या पोलादात चांगला स्पॉट असेल तर एका पत्र्याला भोक पडतं आणि दुसऱ्यावर गाठीचा गोल तुकडा राहतो, त्याला बटन म्हणतात. जोड मधूनच सपाट सुटला तर नगेट लहान किंवा नाहीच. पण हा नियम डोळे मिटून उच्च ताकदीच्या पोलादाला लावू नका. तिथे नगेट पुरेसा मोठा असूनही तुटताना सांध्यातून तुटू शकतो, म्हणून किती भार सोसून तुटला तेही बघावं लागतं. लाइनवर यापेक्षा जलद चाचणी छिन्नीची. दोन स्पॉटच्या मधल्या फटीत छिन्नी ठोकायची, स्पॉट सुटतो का बघायचं, आणि टिकला तर पत्रा हातोडीने परत बसवायचा. भाग वाया जात नाही.

डायरीला दोन महिने झाल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. सातव्या स्पॉटची गाठ सहाव्यापेक्षा जवळपास नेहमीच लहान यायची, सेटिंग तर दोन्हीला एकच. सातवा स्पॉट सहाव्याच्या फार जवळ होता. सहाव्याची गाठ आधीच तयार, म्हणजे करंटला बाजूने जायला आयता रस्ता, आणि थोडा करंट तिकडून निघून जायचा. पुस्तकात याला शंटिंग म्हणतात. डिझाइन बदलणं आमच्या हातात नव्हतं, पण सातव्या स्पॉटसाठी कंट्रोलरमध्ये करंट थोडा वाढवून घेतला आणि गाठ जागेवर आली.

आलेखावर किती विश्वास ठेवायचा, हे मला लाइनवरच्या मामांनी शिकवलं. त्यांनी हयात याच कामात घालवलेली. एका शिफ्टला बटनं लहान येत होती आणि मी कंट्रोलर दाखवून म्हणत होतो, "मामा, करंट बरोबर ९ हजारच येतोय." त्यांनी वेल्डिंग करंट बंद केला, पांढरा कागद आणि कार्बन पेपर टिपांमध्ये धरला, नुसता दाब दिला आणि कागद माझ्या हातात ठेवला. "माप." ठसा ७ मिलिमीटरचा होता, टिप नवी असताना तो ६ चा असायचा. एक मिलिमीटरचाच फरक, पण क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढलेलं. तेवढाच करंट जास्त जागेत पसरला, आत उष्णता कमी पडली. आमचा पत्रा गॅल्व्हनाइज्ड होता. जस्त तांब्यात मिसळून टिपवर पितळासारखा थर बसतो, टिप मऊ होते आणि अळंबीसारखी पसरते. म्हणून ठरावीक स्पॉटनंतर टिप ड्रेस करायची आणि मधल्या काळात करंट हळूहळू वाढवत न्यायचा, अशी व्यवस्था असते. ड्रेसरचं पातं बोथट झालं तर ती सगळी व्यवस्था कागदावरच राहते. त्या दिवशी नेमकं तेच झालं होतं.

करंटपेक्षा रोधाचा आलेख जास्त बोलतो. गनच्या टिपा पत्र्यावर मिटून करंट सुरू झाला की सुरुवातीला रोध झपकन खाली येतो, कारण पत्र्यावरचा ऑक्साइड आणि खडबडीतपणा दाबला जातो. मग पोलाद तापतं तसा रोध वर चढतो, एक शिखर येतं, आणि धातू वितळून गाठ पसरायला लागली की पुन्हा उतरतो. शिखर आलंच नाही तर गाठ झाली नाही अशी दाट शंका घ्यायची. मध्येच आलेख तुटल्यासारखा खाली पडला तर वितळलेला धातू ठिणग्या होऊन बाहेर उडाला. नवीन मुलांना ठिणग्या दिसल्या की जोड पक्का झाला असं वाटतं. खरं तर गाठीत असायला हवा होता तो धातू जमिनीवर पडलेला असतो.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण मॅक्रो करणारा जवळजवळ प्रत्येक जण ती एकदा करतो. मॅक्रो म्हणजे स्पॉट बरोबर मधोमध कापायचा, बेकेलाइटमध्ये बसवायचा, पॉलिश पेपरवर घासायचा आणि नायटल लावायचा, म्हणजे स्पिरिटमधलं थोडं नायट्रिक आम्ल. नगेट गडद कडेसह उठून दिसतो. पत्रे १.२ मिलिमीटरचे होते. तिथे जाडीच्या वर्गमुळाची चौपट हा किमान व्यासाचा हिशेब धरलेला, म्हणजे सुमारे ४.४ मिलिमीटर. माझं माप आलं ४.०. मी लाल शेरा मारला, लाइन थांबली, सकाळपासूनचा माल बाजूला काढला.

आमच्या लॅबच्या सरांनी आवाज चढवला नाही. नमुना परत हातात दिला आणि म्हणाले, "घासत रहा, दर वेळी मोजत रहा." मी घासत गेलो. ४.० चा ४.६ झाला, मग ४.९, मग ५.०, आणि त्यानंतर पुन्हा घटायला लागला. मी स्पॉट मध्यापासून दीड मिलिमीटर बाजूला कापला होता. वर्तुळाची जीवा व्यासापेक्षा लहान असते, हे नववी-दहावीतलं गणित. ५ चा नगेट दीड मिलिमीटर सरकून कापला तर बरोबर ४ दिसतो. तेव्हापासून मी कापायच्या आधी ठशाच्या मध्यातून बारीक रेघ ओढतो, कापही जरा अलीकडे घेतो आणि घासत मध्यापर्यंत जातो.

पत्रा न तोडता बघायचं मुख्य साधन अल्ट्रासोनिक. स्पॉटसाठी १५ ते २० मेगाहर्ट्झचा बारीक प्रोब वापरतात, पुढे पाण्याचा छोटा स्तंभ आणि पातळ पडदा. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो, म्हणजे दोन पत्र्यांची मिळून २.४ मिलिमीटर जाडी पार करून परतायला साधारण ०.८ मायक्रोसेकंद. जोड झालेलाच नसेल तर ध्वनी पहिल्याच पत्र्याच्या तळावरून निम्म्या वेळात परततो. हे सोपं. अवघड असतो तो चिकटलेला जोड: पत्रे एकमेकांना घट्ट लागलेत, ध्वनी आरपार जातो, पण आत वितळलेली गाठ नाही. तिथे प्रतिध्वनींची संख्या बघायची. वितळून थिजलेल्या गाठीत कण जाड असतात आणि ते ध्वनी विखुरतात, म्हणून चांगल्या नगेटमधले प्रतिध्वनी लवकर विझतात. नुसत्या चिकटलेल्या पत्र्यात ते बराच वेळ येत राहतात. हा फरक स्क्रीनवर ओळखायला मला शंभरेक नमुने आधी अल्ट्रासोनिकने तपासून मग सोलून बघावे लागले. तेवढे करा, मग मीटरकडे बघताना मनात धाकधूक राहत नाही.

शिक्षणाचं थोडं. धातुशास्त्रात पदवी करायची असेल तर पुण्यात सीओईपी, नागपुरात व्हीएनआयटी, मुंबईत आयआयटी आहेत. वेल्डिंग हाच व्यवसाय ठरला तर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंगकडून इंटरनॅशनल वेल्डिंग इंजिनिअर, टेक्नॉलॉजिस्ट अशा पात्रता मिळवता येतात. तिरुचिरापल्लीला भेलची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. तपासणीच्या बाजूला जायचं तर एनडीटीच्या, म्हणजे भाग न तोडता तपासण्याच्या, लेव्हल एक, दोन, तीन अशा पायऱ्या आहेत. इथे एक गोष्ट फी भरायच्या आधी विचारून घ्या. एसएनटी-टीसी-१ए या व्यवस्थेत प्रमाणित करणारा असतो तुमचा मालक, त्यामुळे नोकरी बदलली की नव्या मालकाला पुन्हा प्रमाणित करावं लागतं. आयएसओ ९७१२ चं प्रमाणपत्र त्रयस्थ संस्था देते आणि ते माणसाबरोबर जातं. आठवड्याभरात अल्ट्रासोनिक, रेडिओग्राफी अशा तीन-चार पद्धतींची लेव्हल दोन देणारे क्लास आहेत. कागद मिळतो, पण जी पद्धत हाताने केली नाही तिच्याबद्दल मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडकायला होतं. एक पद्धत घ्या आणि तिचे अनुभवाचे तास खरे भरा. डोळ्यांची तपासणी दर वर्षी करावी लागते, ती टाळू नका. आणि रेडिओग्राफीत गेलात तर किरणांचा डोस मोजणारा बॅज छातीवर लावल्याशिवाय किरणोत्सर्गी सोर्सच्या जवळ जायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

गनमध्ये बोट कधीही घालायचं नाही, हे मी प्रत्येक नवीन मुलाला पहिल्या दिवशी सांगतो. दाबाचा आकडा वर दिलाच आहे. घरी कोणाला पेसमेकर असेल तर त्यांना लाइन दाखवायला आणू नका.

सध्या मी ज्या भागावर आहे, तो उच्च ताकदीच्या, जस्ताचा मुलामा असलेल्या पोलादाचा आहे. तिथे वेगळाच प्रश्न आहे. जस्त पोलादाच्या कितीतरी आधी वितळतं, आणि पत्रा तापून ताणाखाली असतानाच ते द्रव जस्त कणांच्या सीमांमधून आत शिरतं. टिपच्या कडेखाली केसासारखी भेग पडते. रोधाचा आलेख निर्दोष येतो, गाठीचा व्यास भरपूर, अल्ट्रासोनिकवरही नगेट चांगला. भेग दिसते ती फक्त कापल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली. करंट थांबल्यावर टिपा किती वेळ दाबून धरायच्या आणि गन पत्र्याला काटकोनात आहे की जरा तिरकी, या दोन गोष्टी बदलून बघतोय. रोज दोन नमुने कापतो, मध्यातून रेघ ओढून, आणि डायरीत भेगेची लांबी आलेखाच्या शेजारी लिहितो.